तीन नावांचं ते रिकामं पान

या सदरासाठी आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे. (ओळख पटेल असं सगळं काढलंय, एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात.) लिहिणारा २८ वर्षांचा, सोलापूरचाच, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. वडील लूमवर होते, आता तब्येतीमुळे घरी. आई विड्या वळते, मोठी बहीण लग्न होऊन पुण्यात. घरी तेलुगू बोलतात. दीड वर्षापूर्वी वडिलांच्या दवाखान्यासाठी मोबाईलवरून झटपट कर्ज घेतलं, ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून, मग तिसऱ्या. हप्ता चुकला तसे वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर घाणेरडे मेसेज टाकले. दोन महिने नीट झोप नाही, रात्री "आपण नसलो तर बरं" असं येत राहतं, सकाळी कामावर गेलं की जरा कमी होतं. कुणाला सांगितलेलं नाही. त्याऐवजी तीन ॲप घेतलीत: एक रोजचा मूड नोंदवायचं, एक बोलणारा बॉट, एक 'सेफ्टी प्लॅन' (असे विचार आले की काय करायचं, कुणाला बोलवायचं ते आधीच लिहून ठेवायचा कागद) भरायचं. शेवटी लिहितो, "ताई, सगळी पानं भरलीत, एकच सोडलंय. 'ज्यांच्याकडे मदत मागता येईल अशी तीन माणसं'. ते मुद्दाम रिकामं ठेवलंय, कुणाला सांगायला लागू नये म्हणूनच तर ॲप घेतलं. मेसेज गेल्यावर गोदामातल्या एका मित्राचा फोन आला होता, मी कट केला. ॲप नीट वापरलं तर एवढ्यावर भागेल ना? डॉक्टरकडे गेलं की कागद होतो, पोलीस येतात, आईला कळलं तर ती झुरेल."

अरे, तुला 'तू' म्हणते हं, माझा धाकटा भाऊसुद्धा तुझ्याहून मोठा आहे.

आधी एक गोष्ट, बाकी सगळं नंतर. हे वाचताना तो विचार नेहमीपेक्षा जोरात असेल, 'कधी, कसं' इथपर्यंत गेला असेल, तर पुढचं वाचत बसू नकोस. आईला उठव, शेजारचं दार वाजव, १४४१६ लाव, ती मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे. जिवालाच धोका वाटत असेल तर ११२. रात्रीचे तीन वाजले असले तरी लाव, ते नंबर रात्रीसाठीच आहेत. आणि तसं नसेल तर चहा टाक, कारण मी जरा लांबण लावणार आहे.

तू जे केलंस ना, ते मला आवडलं. खरंच. कुणी सांगितलं नसताना रात्री दोनला उठून "मला कशाने थोडं बरं वाटतं" याच्याखाली पाच गोष्टी लिहिणारा पोरगा आणि "नसलो तर बरं" म्हणणारा पोरगा एकाच गादीवर झोपतात, दोघंही तूच. मी हे उत्तर त्या लिहिणाऱ्याला देतेय, दुसऱ्याने पण ऐकावं.

तुझा प्रश्न आहे, एवढ्यावर भागेल का. मी डॉक्टर नाही, पण उत्तर द्यायच्या आधी वाचलं बरंच, आणि दोन दिवस माझ्या फोनवर अशी चार ॲप घेऊन बघितली. एकावर 'लगेच मदत' दाबलं तर परदेशातला नंबर आला, तो लागलाच नाही. एकाने दुसऱ्याच दिवशी पैसे मागितले. दोन मात्र साधी, सरळ होती. म्हणजे सगळंच टाकाऊ नाही आणि सगळंच भरवशाचं पण नाही.

अभ्यास काय म्हणतात ते सांगते. २०२० मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थ या मासिकात १६ अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, माणूस स्वतःच वापरतो अशा ॲप आणि वेबसाईटवरच्या कोर्सचा. जी साधनं थेट आत्महत्येच्या विचारांवर बोलतात, त्यांनी ते विचार थोडे कमी होतात असं दिसलं. थोडे, पण होतात. जी नुसती उदासी घालवायला बनवलीत, त्यांचा या विचारांवर तसा भरवशाचा परिणाम दिसला नाही. नेदरलँड्समध्ये २३६ जणांवर असाच एक सहा आठवड्यांचा ऑनलाईन कोर्स तपासला होता, डोक्यात तेच तेच विचार फिरत राहतात त्यांच्याशी काय करायचं हे शिकवणारा, त्यातही विचार कमी झाले. पण विचार कमी होणं हे एक, आणि जीव वाचतात का हे दुसरं, ते दुसरं नुसत्या ॲपच्या जोरावर अजून कुणी छातीठोकपणे दाखवलेलं नाही.

त्यामुळे तुझ्या तीन ॲपमध्ये मी सरळ सरळ डावंउजवं करते. मूडचं ॲप, ते हसऱ्यारडक्या तोंडांचं, ठेवायचं तर ठेव, पण त्यात रोज रडकं तोंड दाबून काही होत नाही, त्याचा उपयोग एवढाच की दोन आठवड्यांचा आलेख डॉक्टरला दाखवता येतो. बॉटबद्दल मला जरा चिंता आहे. तो कधी कंटाळत नाही, कधी "चल झोप आता" म्हणत नाही, आणि तू म्हणशील त्याला हो ला हो करत दोनाचे चार वाजवतो. चार वाजेपर्यंत जागलेल्या डोक्याला सगळंच काळं दिसतं. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते त्याला कळलं तरी तो दार उघडून आत येऊ शकत नाही ना. बारानंतर बॉट बंद, हा माझा हट्ट समज.

सेफ्टी प्लॅन मात्र सोन्यासारखी गोष्ट आहे, तो नीट समजून घे. हे काही कुठल्या ॲपवाल्याच्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोघांनी हा सहा पायऱ्यांचा कागद बनवला, नंतर त्याची ॲप निघाली. २०१८ मध्ये जामा सायकियाट्री या मासिकात याचा एक मोठा अभ्यास आला, तिथल्या माजी सैनिकांच्या नऊ दवाखान्यांच्या इमर्जन्सी विभागातला. ज्यांच्यासोबत बसून हा कागद भरून घेतला, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचे प्रयत्न आणि तसलं वागणं ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. आता यातली गंमत बघ. नुसता कागद देऊन पाठवलं नव्हतं. घरी गेल्यावर दवाखान्यातून फोन यायचा, कसा आहेस, कागद जवळ आहे का, काही बदलायचं का. त्या ४५ टक्क्यांत कागदाचा वाटा किती आणि फोनचा किती, हे वेगळं काढताच येत नाही. तू कागद घेतलास आणि फोन गाळलास.

आणि गाळलेलं पान पण कुठलं, तर तेच.

आता भरलेल्या पानांकडे येते. तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही, पण बहुतेक जण पहिल्यांदा काय लिहितात याचा अंदाज आहे. पहिलं पान, धोक्याची खूण. तिथे 'टेन्शन' लिहून भागत नाही. टेन्शन तर अख्ख्या सोलापूरला आहे. तुझी खूण म्हणजे अनोळखी नंबरचा फोन आला की पोटात गोळा येतो, मग जेवण टाळतोस, मग आईशी बोलताना नजर चुकवतोस, मग छताकडे बघत पडून राहतोस, असं काहीतरी असेल, ते तसंच लिही. कशाच्या मागून काय येतं ते लिही, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या पायरीवरच ओळखशील. आणि एक कर, तुझं ॲप इंग्रजीत आहे, कारखान्यात मराठी-हिंदी, घरात तेलुगू, मग रात्री ते विचार कुठल्या भाषेत येतात? ज्या भाषेत येतात त्याच भाषेत लिही. 'हेल्पलेस' हा शब्द तुला रात्री दोनला आठवणार नाही.

दुसरं पान, एकट्याने करता येणाऱ्या गोष्टी. इथे लोक 'मेडिटेशन' लिहितात, ज्याने आयुष्यात केलेलं नसतं. जे हाताला येतं ते लिही. तोंडावर गार पाणी मारणं, माठातलं तांब्याभर पाणी पिणं, चादरीच्या घड्या घालणं, शेंगाचटणी कुटून ठेवणं (हसू नकोस, खलबत्त्याचा आवाज आणि वास दोन्ही डोकं जागेवर आणतात, फक्त रात्री दोनला कुटलीस तर शेजारी येतील, ते पण चालेल म्हणा). अमेरिकेत 'व्हर्च्युअल होप बॉक्स' नावाचं एक ॲप आहे, त्यात आपले फोटो, आवाज, गाणी असं आपल्याला धरून ठेवणारं सगळं एका जागी ठेवतात. त्याच्या चाचणीत माणसांना "हे मी निभावू शकतो" असं जास्त वाटायला लागलं. तुला ते ॲपच पाहिजे असं नाही, गॅलरीत एक फोल्डर कर. भाचरांचे व्हॉइस मेसेज असतीलच की बहिणीकडून आलेले.

तिसरं पान, मन दुसरीकडे लागेल अशी माणसं आणि जागा. यात फसगत होते. शहराबाहेर गाडीवर एकटं लांब जाणं इथे मोजायचं नाही. माणसं पाहिजेत, ओळखीची नसली तरी चालतील. पार्क चौपाटीवर संध्याकाळी गर्दीत उभं राहून काहीतरी खाणं, सकाळी हुतात्मा बागेत म्हातारी माणसं चालतात त्यांच्यामागे दोन चकरा, नेहमीची चहाची टपरी जिथे मालक "काय बे, आज लवकर?" म्हणतो. आपल्याकडे 'काय बे' मध्ये अर्धी चौकशी असतेच, बाहेरच्यांना ती शिवी वाटते. इथे कुणाला काही सांगायचं नाही, नुसतं जाऊन बसायचं.

चौथं पान रिकामं. त्याच्याकडे येतेच.

पाचवं, दवाखाना आणि हेल्पलाईन. ॲपमध्ये आपोआप आलेला नंबर दिवसाढवळ्या एकदा लावून बघ. २०१९ मध्ये काही संशोधकांनी डिप्रेशन आणि आत्महत्या रोखण्यासाठीची ६९ ॲप तपासली, तर सहा ॲपमध्ये हेल्पलाईनचा नंबरच चुकीचा होता, आणि त्यातली दोन दहा लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालेली. बुडत्याच्या हातात तुटका दोर द्यावा तसं. तो नंबर खोडून तिथे १४४१६ लिही. ही टेलिमानस, केंद्र सरकारची, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, फुकट. लागत नसेल तर १८००-८९१-४४१६. भाषा निवडता येते, मराठी आहे, तेलुगू आहे, कन्नड आहे. म्हणजे उद्या आईला बोलायचं झालं तर ती तिच्या भाषेत बोलू शकेल. पहिल्यांदा समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे डॉक्टरशी जोडून देतात. वाईट रात्रीची वाट बघू नकोस, एखाद्या बऱ्या संध्याकाळी लाव आणि सांग की मी असं असं ॲप वापरतो, हा प्लॅन केलाय, बरोबर आहे का बघा. पहिला फोन असा केला की दुसरा सोपा जातो.

आणि सिव्हिल. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजचंच हॉस्पिटल आहे, मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा, नंबर लागेपर्यंत बसायचं, बाकी ओपीडीसारखंच. दोन महिने झोप नाही हे एकच वाक्य सांगितलंस तरी पुरे. झोपेवर उपचार झाला की अर्धं आभाळ मोकळं झाल्यासारखं वाटतं पुष्कळांना. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, मेमध्ये ४३-४४ डिग्री, पत्र्याखाली धडधाकट माणसाला झोप लागत नाही.

सहावं पान म्हणजे आजूबाजूचं सुरक्षित करणं. मला वाटतं तिथे तू 'लागू नाही' लिहिलं असशील. वाईट लाट बहुतेक वेळा थोड्या वेळाची असते, काही मिनिटं, कधी एकदोन तास, तेवढा वेळ काढला की ती उतरते. तेवढ्या वेळात ज्या गोष्टीकडे तुझं लक्ष जातं ती हाताशी असता कामा नये. वडिलांच्या औषधांचा डबा आईच्या ताब्यात, घरात आठवड्यापुरतंच, बाकी काही असेल तर ते घरातूनच बाहेर, दुसऱ्या कुणाकडे. आता तू सांग, हे ॲप करेल का? डबा उचलून आईच्या कपाटात ठेवायला हात लागतात. तुझेच हात पुरेसे नाहीत, कारण तू ठेवलेली किल्ली तुला माहीत असते.

हे सगळं झालं की एका कागदावर हाताने उतरव, पाकिटात ठेव. बॅटरी संपते, लाईट जाते, नेट पॅक संपतं, फोन दुसऱ्याच्या हातात असतो. ॲपला परवानग्या किती दिल्यात ते पण बघ. प्लॅन भरायच्या ॲपला तुझे सगळे कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत? तू तर यात एकदा पोळलायस. पिन टाकता येत नसेल, पैसे मागत असेल, आपली माहिती कुठे जाते ते साध्या भाषेत सांगत नसेल, तर काढून टाक. कागद पुरतो.

आणि रात्री यूट्यूबवर, रील्सवर दुःखी गाणी आणि त्याखालच्या कॉमेंट बघत असशील तर ते बंद. एकदा बघितलं की तेच तेच चढत्या भाजणीने समोर येत राहतं. 'नॉट इंटरेस्टेड' दाबत राहा, दोनतीन दिवसांत फरक पडतो.

आता तुझ्या भीतीबद्दल. पोलिसांचं आधी. नुसता विचार येतो हा गुन्हा कधीच नव्हता, आजही नाही. प्रयत्न झाला तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की तो माणूस भयंकर तणावाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा म्हणणारं ते जुनं ३०९ कलम राहिलंच नाही. तुझ्या आजाराची माहिती गुप्त राहील हा हक्क पण त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. डॉक्टर तुझ्या कारखान्यात फोन करून सांगत नाही. एवढं खरं की जिवाला लगेच धोका दिसला तर तो घरच्यांना बोलावेल, आणि बोलवावंच त्याने.

पोलिसांची भीती तू उलट्या जागी लावलीस असं मला वाटतं. ज्यांनी तुझ्या लोकांना मेसेज टाकले त्यांना ती वाटायला पाहिजे. आरबीआयने डिजिटल कर्जासाठी नियम काढलेत (आधी २०२२ मध्ये, मग २०२५ मध्ये नव्याने), त्यानुसार कर्जाच्या ॲपला तुझी कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो, कॉल लॉग बघायला बंदी आहे. नोंदणी नसलेल्या कर्जवाल्याची तक्रार आरबीआयच्या सचेत पोर्टलवर होते, ऑनलाईन फसवणूक असेल तर १९३० या नंबरवर, आणि शहर पोलिसांच्या सायबरकडे मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन जाता येतं. पण एकटा जाऊ नकोस, आणि आजच्या आज सगळं उरकायला पण जाऊ नकोस. कर्जाचा हिशोब रोज संध्याकाळी सात ते साडेसात, वहीत, दिव्याखाली. रात्री दोनला डोक्यात आकडे सुरू झाले की म्हणायचं, उद्या सातला. पहिले चार दिवस ऐकणार नाही डोकं, मग ऐकतं. आणि रक्कम कितीही असली तरी ती रक्कम आहे, ती हप्त्याने फिटते, तडजोडीने कमी होते, उशिरा फिटते. एकट्या कर्जाने कुणी इथवर येत नाही रे, झोप गेली, लाज वाटली, तोंड लपवलं, बोलणं बंद झालं, हे सगळं मिळून माणसाला कोपऱ्यात नेतं. यातल्या शेवटच्या गोष्टीवर आजच इलाज आहे.

आई. आईला कळलं तर ती झुरेल म्हणतोस. एवढ्याशा घरात दोन महिने रात्रभर कूस बदलणारा मुलगा तिला दिसत नाही असं तुला वाटतं? सूपात मान घालून हजार विड्या वळणारी बाई, तिचं लक्ष सगळीकडे असतं. ती झुरतच असेल, फक्त कशासाठी ते तिला माहीत नाही, आणि जे माहीत नसतं ते जास्त खातं. तरी मी तुला आईपासूनच सुरुवात कर असं म्हणत नाही. कधीकधी आईला सांगणं सगळ्यात अवघड असतं, मग दुसरं कुणीतरी सोबत असलेलं बरं.

यातच एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही बहुतेक. कर्जाची गोष्ट तू लपवतोयस असं तुला वाटतं, पण ती तर वसुलीवाल्यांनीच गावभर केली. सगळ्यांना माहीत आहे. जे व्हायची भीती होती ते होऊन गेलं, आणि त्यानंतर काय झालं? गोदामातल्या मित्राने फोन केला. शिवी द्यायला केला असेल का रे? नोकरी सुटली नाही, बहिणीने व्हॉइस मेसेज पाठवणं बंद केलं नाही. लपवायचं राहिलंय ते एवढंच, की तुला त्याचा किती त्रास होतोय. आणि नेमकं तेच तू एका ॲपला सांगितलंस आणि माणसांना नाही.

माणसाचा फोन किती काम करतो याचं अजून एक सांगते, हे आपल्या जवळचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला होता, त्यात चेन्नई पण होतं, २००८ मध्ये त्याचे निकाल छापले. आत्महत्येचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेले १८६७ लोक. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना तेच, शिवाय तासभर बसून बोलणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, कसं चाललंय विचारायला. दीड वर्षाने नेहमीच्या उपचारवाल्यांत २.२ टक्के लोक आत्महत्येने गेलेले होते, विचारपूसवाल्यांत ०.२ टक्के. त्या नऊ भेटींत फार मोठं असं काही नव्हतं. कसा आहेस, काही लागतंय का, एवढंच.

इथे जरा तुझ्याशी बोलणं थांबवून, हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे भाऊ, मुलं, रूममेट असे रात्री जागतात त्यांना दोन शब्द. त्याच्या फोनमध्ये असलं ॲप दिसलं तर फोन हिसकावू नका, ॲप डिलीट करू नका, "हे काय खूळ" म्हणू नका. जेवण झाल्यावर बाजूला बसून सरळ विचारा, "तुला जगू नये असं वाटतं का कधी?" विचारल्याने डोक्यात घातलं जात नाही, हे तपासून झालेलं आहे, उलट बहुतेकांना हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं. हो म्हणाला तर रडारड आणि भाषण दोन्ही आवरा, त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, आणि मग म्हणा, "तुझा तो प्लॅन दाखव, माझं नाव त्यात आहे का?" नसेल तर रुसू नका. लिही म्हणा.

हां, तर चौथं पान. तीन नावं. तिन्ही एकदम नकोत. तिसरं नाव सध्या १४४१६ असू दे, नावाच्या जागी नंबर चालतो. दुसरं बहिणीचं, ती पुण्यात आहे, समोरासमोर नाही, फोनवर रडलं तरी कुणी बघत नाही, आणि औषधाच्या डब्याचं आईला ती सांगू शकते तुझ्याऐवजी. पहिलं नाव तुला माहीत आहे. ज्याचा फोन कट केलास तो.

त्याला सगळं सांगायची गरज नाही. काय लिहायचं कळत नसेल तर हे घे, पाहिजे तसं बदल:

"त्या दिवशी फोन कट केला, सॉरी. त्या मेसेजनंतर लई बेकार चाललंय, रात्री झोप नाय, डोक्यात नको ते येतंय. सल्ला नको. शिफ्ट सुटल्यावर चहाला बसू या का आणि रात्री कधी फोन केला तर उचलशील का, एवढं सांग."

हे रात्री नको पाठवूस, दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाठव, म्हणजे उत्तराची वाट बघत रात्र काढायला लागणार नाही. तो लगेच बोलला नाही तर कामात असेल, तोवर बहिणीला लाव. आणि त्याच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं, "सोड बे, होतंय सगळं" असं, तर तेही सोड, सगळ्यांना लगेच जमत नाही, दुसऱ्या नावाकडे जा.

पान भरलंस की मला कळव. नावं नकोत मला, नुसतं 'लिहिलं' एवढं पाठवलंस तरी समजेन. पुढच्या आठवड्यात तुझं काही आलं नाही तर इथेच परत विचारणार आहे.